वेगनर व्हायचंय? आधी वही दाखव

कालच्या बैठकीत तुझ्या म्हणण्यावर सगळे हसले, तेव्हा तू म्हणालास, 'वेगनरलाही सगळे हसले होतेच ना!' हसले, खरंय. आल्फ्रेड वेगनर हा जर्मन शास्त्रज्ञ; 1912 साली त्याने खंडं सरकतात असं मांडलं. पण तो नुसता हट्टाला पेटला नव्हता. अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे खडक आणि जीवाश्म त्याने ताडून पाहिले होते. आणि हसणाऱ्यांचंही काही बरोबर होतं बरं का! खंडं ढकलणारं बळ त्याला दाखवता आलं नाही, ग्रीनलंडचा सरकण्याचा वेग तो वर्षाला कित्येक मीटर, म्हणजे फारच जास्त, धरून बसला. पारडं फिरलं ते साठच्या दशकात, समुद्रतळ पसरत जातो हे दाखवणाऱ्या, तळावरच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांमुळे. गोव्यात दोनापावलाच्या किनाऱ्यावर उभा राहशील तेव्हा आठव: हा किनारा एकेकाळी मादागास्करला चिकटलेला होता.

माझी फजिती ऐक. फोंड्यात गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला होता. माझा आकडा सरकारीपेक्षा भलताच जास्त. 'हवामान खातं झोपलंय' म्हणत अख्खा आषाढ मिरवलो. शेवटी शेजारच्या काकींनी दाखवलं, पन्हळीचं पाणी उडून त्यातच पडत होतं!

तेव्हा शंका जरूर घे. फक्त पुढच्या रविवारी येताना, काय दिसलं तर तुझं म्हणणं चुकीचं ठरेल, ते एका ओळीत लिहून आण. चहा मी पाजतो.