"तयारी झाली की टेस्ट देईन"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या दोन शब्दांतच पुढचं कळतं: "मॅडम, अभ्यास खूप करतोय, पण परीक्षेला बसायची हिंमत होत नाही." बोलणारे बहुतेक ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांतले. परीक्षा कुठल्यातरी सर्टिफिकेशनची.

त्यातल्या एकाचं सांगते, ओळख पटू नये एवढे बदल करून. वय 33, राहायला कळव्याला, दहा वर्षं सपोर्टमध्ये. एडब्ल्यूएस, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट या परीक्षेची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ढकलता येत नाही, म्हणून बुकिंगच रद्द केलं.

"अभ्यास म्हणजे काय करतोस?"

"व्हिडिओ कोर्स. तीनदा संपवला."

"सराव परीक्षा?"

"एकही नाही. तयारी झाल्याशिवाय देऊन काय उपयोग?"

मी त्याला रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग सांगितला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं; खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती. त्याने मान डोलावली आणि आठवडाभर पुन्हा व्हिडिओच बघितले. माहितीने भीती जात नाही, हे इतक्या वर्षांनी मला तरी कळायला हवं होतं.

चौथ्या भेटीत विचारलं, "आज टेस्ट दिलीस आणि 40 टक्के पडले, तर?"

बराच वेळ गेला. "टीममध्ये नवीन आलेली मुलगी दोन महिन्यांत पास झाली. मी नापास झालो तर दहा वर्षं नुसती खुर्ची उबवली, असं ठरेल."

"कोण ठरवेल?"

"मीच."

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वळणाची, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बघणारी. ‘पास व्हायलाच हवं’ मधला ‘च’ मला लांबून ऐकू येतो. पण त्या दिवशी ‘च’च्या मागे लागले नाही, त्याच्या पेपरबद्दल विचारलं.

"प्रश्न किती?"

"65. गुण 50 चेच धरतात. बाकीचे 15 पुढच्या पेपरांसाठी तपासून बघतात. कुठले ते सांगत नाहीत."

"म्हणजे पेपर काढणारेसुद्धा आपले कच्चे प्रश्न तुमच्यासमोर ठेवून बघतात. आणि तुला घरी, एकट्याने दिलेल्या टेस्टमध्येही कच्चं दिसायचं नाही?"

तो हसला. मग चष्मा काढून पुसत बसला. तो प्रश्न मला सुचला याचं, खरं सांगते, अजून बरं वाटतं.

पुढचं काम साधं होतं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. पहिली टेस्ट घड्याळ न लावता द्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ लिहा: माहीत नव्हतं, प्रश्न घाईत वाचला, की दोन पर्यायांत अडकलो? माहीत नसेल तरच व्हिडिओ, तोही तेवढ्याच भागाचा. नंतरच्या टेस्ट 130 मिनिटं लावून. या परीक्षेत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नका. लागतात 1000 पैकी 720, आणि प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही. तारीख मात्र आधी घ्या.

त्याची पहिली टेस्ट 51 टक्क्यांची. स्क्रीनशॉट आला, सोबत एकही सबब नाही. दोन महिन्यांनी खऱ्या परीक्षेनंतर मेसेज आला: "698. आता 14 दिवस थांबायचं. टीमला सांगून टाकलं. त्या मुलीच्या नोट्सही मागितल्या."