कुलसंमेलनाला प्रत्यक्ष जाण्यात काय मिळतं?

तुम्ही विचारलंय, घराण्याचं कुलसंमेलन नाशिकला भरतंय, वंशावळीची पीडीएफ ग्रुपवर आलेलीच आहे, कार्यक्रम घरबसल्या बघायची लिंकही देणार आहेत, मग आईला घेऊन एवढा प्रवास कशासाठी करायचा? माझं उत्तर एवढंच की या, आणि आईला घेऊनच या.

मी नाशिकची. सासरच्या घराण्याच्या संमेलनात वंशावळीच्या टेबलावर बसते आणि माहेरच्या संमेलनाला पाहुणी म्हणून जाते, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात.

आधी त्या पीडीएफबद्दल. आपल्याकडचे कुलवृत्तांत बहुतेक वतनाचे कागद, वाटणीपत्रं, सातबारा, फेरफार यांवर उभे असतात. हे कागद झाले ते जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे सांगायला. त्यामुळे त्यांत बाप आहे, मुलगा आहे, नातू आहे. बाई आलीच तर नवऱ्यामागे वारस म्हणून येते. शिवाय लग्नात नाव बदलायची रीत, म्हणजे एकाच बाईची दोन नावं, आणि त्यांतलं माहेरचं नाव कोणीच लिहून ठेवलेलं नसतं. घराण्यातल्या निम्म्या माणसांचा पत्ता कागदाला नाही. तो आहे म्हाताऱ्या बायकांना. आणि त्यांच्यापर्यंत आपला ग्रुप पोचत नाही, कारण ग्रुप होतो आडनावावरून आणि त्यांची आडनावं केव्हाच बदललेली असतात.

आमच्याकडे वंशवृक्ष कागदावर छापून मंगल कार्यालयाच्या भिंतीला लावतो. फ्लेक्स मुद्दाम करत नाही, फ्लेक्सवर पेन्सिल उठत नाही. शेजारी दोऱ्याला पेन्सिली बांधून ठेवतो. एका संमेलनात ऐंशीच्या पुढच्या एक आजी आल्या होत्या. आजोळच्या घराण्याचं संमेलन गावातच आहे असं कोणाकडून तरी कळलं म्हणून नातीचा हात धरून आलेल्या. भिंतीला धरून एकेक चौकट वाचत सरकत होत्या, मध्येच एका नावावर बोट ठेवून थांबल्या. त्या नावापुढे ‘निर्वंश’ छापलं होतं.

“निर्वंश काय लिहिलंय? दोन मुली होत्या की त्यांना. धाकटी माझी आई.”

मुलगा नाही म्हणून निर्वंश, हा जुन्या वंशावळींचा सरधोपट शिरस्ता. आजींनी उभ्या उभ्या मला सांगितलं आणि मी पेन्सिलीने लिहीत गेले. थोरली सिन्नरला दिलेली, ती पहिल्या बाळंतपणात गेली. धाकटी निफाडला. दोघींची माहेरची नावं, सासरची नावं, जावयांचे गाव. तेवढ्यात नात स्कूटरवर घरी जाऊन पणजीच्या पेटीतली पत्रं घेऊन आली. त्यांत बापाने लेकीला मोडीत लिहिलेलं एक पोस्टकार्ड होतं. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, शब्द एकमेकांना जोडून पळतात, मला काही ते सलग वाचता येईना. पण हॉलमध्ये मोडी वाचणारे दोघे जण होतेच. (२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांनाच कळलीय.) पत्रात “चिरंजीव” म्हणून थोरल्या भावाच्या मुलाची खुशाली होती, आणि टपालाच्या शिक्क्यावरचं साल स्पष्ट उमटलेलं होतं.

त्या एका सालाने आमच्या शाखेचा गुंता सुटला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्याने त्या शाखेत तीच दोन नावं आलटून पालटून येतात, आणि कुलवृत्तांतात आजोबा आणि नातू एकमेकांच्या जागी लागले होते. शिक्क्याच्या सालाला आजोबा हयात असणं शक्यच नव्हतं, म्हणजे पत्रातला चिरंजीव नातूच. जेवणाची पानं मांडेपर्यंत मंडळी त्या कागदासमोरून हलली नाहीत. आजींच्या आईचं नाव मी त्यांच्यासमोर चौकटीत लिहिलं, ‘निर्वंश’ खोडलं. आता सांगा, हे लिंकवर कुठे दिसलं असतं? कॅमेरा तर व्यासपीठावरच्या सत्काराकडे लावलेला होता.

दुसरी गोष्ट आडनावांची. एकाच घराण्याची एक शाखा वतनावरून कुलकर्णी किंवा देशमुख झाली आणि दुसरी गाव सोडून गेल्यावर गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली, हे आपल्याकडे सर्रास झालेलं आहे. अशी माणसं एकमेकांना शोधतात ती बहुतेकदा पंगतीत. गोत्र विचारतात, कुलदैवत विचारतात, मग कुलाचारावर गाडी येते. “आमच्याकडे चंपाषष्ठीपर्यंत वांगं चालत नाही, त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि तळी भरायची.” समोरची म्हणते, “आमच्याकडेही!” आणि दोघींचे चेहरे उजळतात. हा आनंद खरा आहे, पण तेवढ्यावर नातं पक्कं धरू नका. खंडोबा ज्यांचं कुलदैवत आहे अशा कितीतरी घरांत हेच चालतं. त्या धाग्यावरून मूळ गावाचे फेरफार, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा आणि मगच रेघ जोडायची. धागा मात्र पंगतीतच हाती लागतो.

हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला २०११ पासून वंशावळ शोधणाऱ्यांची ‘रूट्सटेक’ नावाची मोठी परिषद भरते. कोविडमुळे २०२१ आणि २०२२ मध्ये ती पूर्ण ऑनलाईन झाली आणि जगभरातून लोक जोडले गेले. तरीही २०२३ मध्ये त्यांनी ऑनलाईनच्या जोडीला प्रत्यक्ष परिषद पुन्हा सुरू केली. घरबसल्या सगळं बघता येत असतानाही तिथे माणसं तिकीट काढून जातात.

येताना पणजोबांपर्यंतची नावं, मूळ गाव, गोत्र आणि कुलदैवत एका कागदावर लिहून आणा. जुन्या कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ प्रती शक्यतो घरीच ठेवा. कागदावर शक असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतं. तिथी जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली असेल तर ७९. सत्कार आणि भाषणं चुकली तरी बिघडत नाही. त्या वेळात आईला तिच्या वयाच्या बायकांमध्ये बसवा आणि तुम्ही वही घेऊन शेजारी बसा. मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका, त्या आपसांत बोलतात तेव्हाच सगळं निघतं. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि फोन नंबर तेवढे ग्रुपवर टाकू नका.

आणि एक दिवस जास्तीचा काढून या, कारण संमेलन नाशिकला आहे. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. यात्रेला, अस्थिविसर्जनाला आलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आपलं गाव, आडनाव, बाप-आजाची नावं तिथे लिहिलेली आहेत, कित्येकदा स्वतःच्या हाताने. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते तिथले लोकच सांगतात. सकाळी लवकर जा, पर्वणी किंवा अमावास्या टाळा, त्या दिवशी त्यांना मान वर करायला फुरसत नसते. फोटो काढायच्या आधी विचारा आणि दक्षिणा द्या, या वह्या त्यांच्या घराण्याने पुरापासून, वाळवीपासून जपलेल्या आहेत. आपल्या पणजोबांची सही बघताना माणसं रडतात, हे मी पाहिलंय. जुनी नोंद सापडली की गुरुजी खाली तुमची नवी नोंद लिहायला सांगतील. तिथे आईचं नाव तिच्या माहेरच्या नाव-गावासकट लिहा, बहिणींची लिहा, लेकीचं लिहा. कोणी आपणहून विचारणार नाही, पण सांगितलं तर लिहू देतात.