मोठं पद सोडून पिठाची गिरणी चालवली तर समाधान मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की मोठ्या कंपनीत जनरल मॅनेजर आहात, सगळं सोडून गावाकडे पिठाची गिरणी घ्यायचा विचार आहे, त्यात समाधान मिळेल का? आणि शेवटी सहज म्हटलंय, "चालवायला माणूस ठेवीन, मी गल्ल्यावर बसेन." त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

माणूस ठेवणार असाल तर गिरणी घेऊ नका. गल्ल्यावर बसून तुम्ही पुन्हा दुसऱ्याच्या कामावर देखरेखच करणार, आणि कंटाळला आहात ते नेमकं त्यालाच. माझे मेव्हणेही मला हेच ऐकवतात, "दाजी, एवढ्या मोठ्या पदावर होता, दळणं कसली दळताय, माणूस ठेवा की." नाही ठेवणार. गिरणीतलं समाधान दगडात आहे, मालकीत नाही.

बोथट झालेला दगड कसा ओळखायचा? पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम येतं, तेवढ्याच गव्हाला जास्त वेळ लागतो, मीटरवर मोटर जास्त करंट ओढताना दिसते, आणि कोंडा मोठ्या पापुद्र्यात न निघता भुगा होऊन पिठात मिसळतो. नवखा माणूस अशा वेळी दगड आणखी आवळतो. तिथेच पीठ बिघडतं. त्याला जळका वास येतो, कणीक नीट ताणली जात नाही, कारण गव्हातलं चिकट प्रथिन उष्णतेने मरतं. आवळणं हा उपाय नाही, दगड टाकवायला हवा, म्हणजे टाकीने (छिन्नीसारख्या हत्याराने) ठोकून त्याच्या खाचा पुन्हा धारदार करायला हव्यात.

मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचा, पट्टा उतरवायचा, मग दगड उघडायचे. ब्रशने खाचांतलं जुनं पीठ झाडायचं. सरळ लाकडी पट्टीच्या कडेला ओला गेरू लावून ती दगडावर सगळ्या दिशांनी फिरवायची. गेरू लागेल तिथे उंचवटा. आधी फक्त ते उंचवटे टाकीने उतरवायचे, पुन्हा गेरू, पुन्हा टाकी, रंग सगळीकडे सारखा लागेपर्यंत. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग खाचा. खाच मधल्या भोकाकडे खोल आणि बाहेर जाईल तशी उथळ. कडेचा दोन-तीन बोटं रुंद पट्टा जवळजवळ सपाट ठेवायचा, कारण दाणा मध्ये फुटतो आणि पीठ कडेला बारीक होतं. खाच कडेपर्यंत खोल नेली की भरड बाहेर पडते. डोळ्यांवर गॉगल, तोंडाला मास्क, यात सवलत नाही. दगड बसवल्यावर किलो-दोन किलो हलकं धान्य दळून टाकून द्यायचं. त्यात दगडाची कच असते, ते गुरांनाही घालायचं नाही. आणि दगड रिकामे फिरू द्यायचे नाहीत. धान्य संपत आलं की आधी दगड सैल करायचे, नाहीतर दगडाला दगड घासून ठिणग्या उडतात.

त्यानंतरचं पहिलं पीठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळून बघा. थंडगार नसतं, कोमट असतं, मऊ असूनही बोटाला दाणेदार जाणवतं. वर्षानुवर्षं मीटिंगा घेऊन जे मिळालं नाही ते या चिमटीत मिळतं असं मी म्हणेन, आणि ते पगारी माणसाच्या चिमटीतून तुमच्यापर्यंत पोचत नाही.

बाकी रोजचं काम म्हणजे क्रम लावणं. दगडाच्या घेरात आधीचं पीठ राहतंच, म्हणून बायका डबा ठेवतानाच विचारतात, "कशावर घालणार?" उपवासाचं दळण सकाळी, स्वच्छ केलेल्या दगडावर, सगळ्यांच्या आधी. मग तांदूळ, ज्वारी, गहू. हरभऱ्याची डाळ आणि भाजण्या शेवटी. बेसन लाडवाचं पीठ जाडसर, चकलीची भाजणी बारीक, थालिपिठाची किंचित रवाळ. ज्वारी थोडी थोडीच दळून न्या असं सांगायचं, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी तुटते. बाजरीला तेल जास्त, तिचं पीठ लवकर कडू होतं. धुतलेला गहू दाताखाली कटकन फुटला नाही तर सरळ परत द्यायचा. ओला गहू दगडावर लुकणासारखा चिकटतो आणि खरवडण्यात अर्धा दिवस जातो. गरम पिठाच्या डब्याला झाकण लावू नका, हेही प्रत्येकाला सांगायचं, वाफ धरून गोळे होतात. गव्हाची ॲलर्जी असलेल्या माणसाचं दळण मात्र घेऊ नका, दगड कितीही झाडला तरी.

लोक काय म्हणतील? सुरुवातीला विचारतील, मग पिठाबद्दल बोलतील. दर आजूबाजूच्या गिरण्यांपेक्षा कमी लावू नका. तुमच्याकडे साठवलेले पैसे आहेत, शेजारच्या गिरणीवाल्याकडे फक्त गिरणी आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दमा असेल तर हा विचार सोडा, पिठाच्या धुळीने तो वाढतो, आणि नसलेल्यालाही काही वर्षांनी होऊ शकतो. दिवसभर उभं राहावं लागतं, आवाजाने कान जातात, कानात बोळे घाला. पट्ट्याला जाळी नसलेली जुनी गिरणी स्वस्तात मिळाली तरी जाळी बसवल्याशिवाय चालू करू नका, सदऱ्याची बाही आत ओढली जाते. घराचे हप्ते चालू असतील तर अजून थांबा. आणि म्हाताऱ्या आईवडिलांमुळे किंवा स्वतःच्या गुडघ्यांमुळे माणूस ठेवावा लागला तर तो भाग वेगळा, पण दगड तरी स्वतः टाकवा.

राजीनामा देण्याआधी जवळच्या गिरणीत जा आणि दगड टाकवायचा दिवस विचारून घ्या. त्या दिवशी टाकी हातात मागा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, भाजणीच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत असते आणि कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.