चांदोरच्या ब्रागांझा घराची श्रीमंती आली कुठून आणि गेली कुठे?

तुम्ही विचारलंय ते असं : दक्षिण गोव्यातल्या चांदोरचा ब्रागांझा 'वाडा' पाहिला, झुंबरं आणि आरसे बघून डोळे दिपले, आणि निघताना देणगीची पेटी समोर आली. एका खेड्यात एवढा पैसा आला कुठून आणि आता डागडुजीसाठी पाहुण्यांकडे हात का पसरावा लागतो? शिवाय, याच भागात आणखी काय बघावं?

आधी एक बारीक दुरुस्ती. गोव्यात याला वाडा म्हणू नका. आमच्याकडे वाडा म्हणजे गावाचा एक भाग, तुमच्याकडची आळी. चांदोरात कुणाला 'वाडा कुठाय' विचारलंत तर तो उलट विचारेल, 'कुठला वाडा?' घर कितीही मोठं असलं तरी ते घरच. फार तर 'व्हडलें घर'.

मी केपे तालुक्यातला. आमचे आजोबा एका भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, कूळ होते (ब्रागांझांचं नव्हे, दुसऱ्याच एकाचं), त्यामुळे अशा घरांकडे बघायची माझी जागा थोडी वेगळी आहे. तुम्ही दिवाणखान्यातून बघितलंत, आमच्या घरच्यांनी पायरीखालून.

पैसा आला तो जमिनीतून. चांदोरहून मडगावच्या रस्त्याला लागा किंवा कुशावती नदीच्या बाजूला उतरा, भाताची शेतं आणि नारळाची भाटं दिसतील. भाट म्हणजे नारळाची बाग, आणि भाटं ज्याच्या मालकीची तो भाटकार. सासष्टी तालुक्यातली (चांदोर त्यातच येतं) बडी ख्रिस्ती घराणी अशीच पिढ्यान्‌पिढ्या भाटकार. पोर्तुगीज राजवटीत त्यांना मानमरातब मिळाले, मुलं डॉक्टर-वकील झाली, काही सरकारी हुद्द्यांवर गेली, पण मुदपाकखान्यातला तांदूळ आणि दर तीन महिन्यांनी पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) उतरवायचा ते नारळ जमिनीचेच. त्या नारळांवर मकावची चिनी मातीची भांडी, बेल्जियमच्या काचा, इटलीचं संगमरवर आलं. घराचं मूळ सोळाव्या-सतराव्या शतकातलं मानतात, पण आज डोळ्यांत भरतो तो थाट बराचसा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला.

जमिनीवर राबणारे दोन प्रकारचे. कूळ शेत कसायचं आणि खंड भरायचं. मुंडकार भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहायचा, त्या बदल्यात माडांची राखण करायची आणि भाटकाराकडे सण, लग्न, मयत काहीही असलं की हातातलं काम टाकून हजर व्हायचं. भाटकाराची मर्जी गेली की झोपडीही गेली.

आजी खंड भरायच्या दिवसाचं सांगायची. भात मोजायचं ते कुडवाने, वीस कुडवांची एक खंडी. मोजणारा माणूस भाटकाराचा. तो कुडव भरताना भात हाताने दाबून बसवायचा, वर शीग काढायचा, आणि आजोबा मुकाट बघत उभे. बाल्कांवात (घरापुढच्या त्या ऐसपैस ओट्याला आम्ही बाल्कांव म्हणतो) दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाक असतात. आजोबा त्या बाकावर आयुष्यात कधी बसले नाहीत. मी पहिल्यांदा चांदोरला गेलो तेव्हा बाहेरचा एक बाक दिसला आणि उगाचच जाऊन दोन मिनिटं बसलो. दुपारी दगड तापला होता, फार मजा आली असं नाही.

आता पैसा गेला कुठे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, 1963 च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची खरी ताकद मराठीपेक्षा कुळांमध्ये होती, असं माझं मत आहे. 'कसेल त्याची जमीन' हे शब्द आमच्या आजोबांना महाराष्ट्रातल्या विलीनीकरणापेक्षा लवकर समजले. 1964 च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिलं आणि खंडाला लगाम घातला. 1975 मध्ये मुंडकार कायदा आला, मुंडकाराला हुसकावणं बंद झालं आणि पंचायत भागात घरासह 300 चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. शेवटचा घाव 1976 ची पाचवी दुरुस्ती, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असतानाची. कूळ हेच मालक मानलं गेलं. कागदावर सगळं एका दिवसात झालं, मामलेदार कचेरीतले खटले मात्र अजून चालू आहेत. आमच्या आजोबांचा निकाल लागला तेव्हा आजोबा नव्हते.

दुसरं कारण वारसा हक्काचं. गोव्यात अजून पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतला कायदा चालतो. मुलगा-मुलगी समान वारस, आणि वारस असताना मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त मिळकत कुणाला देता येत नाही. मुलींच्या बाजूने बघाल तर हा देशातल्या चांगल्या कायद्यांपैकी एक. घराच्या बाजूने बघाल तर तीन पिढ्यांत एका छपराला चाळीस मालक, त्यातले दहा लिस्बनला, बारा मुंबईला, उरलेले कॅनडात. कौल फुटलं तर बदलायचं कुणी? सासष्टीभर हिंडताना कुलूप लागलेली, अंगणात रान माजलेली घरं दिसतात त्यांची कथा बहुतेक हीच. मंगळुरी कौलांचं छप्पर दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं. ते दोन वर्षं राहिलं की वासे भिजतात, वाळवी लागते, आणि मग चिऱ्याची भिंतही टिकत नाही.

चांदोरचं घर या मानाने नशीबवान. दोन शाखांत वाटलं गेलं तरी दोन्हीकडे माणसं राहतात. पूर्वेकडे ब्रागांझा परेरा, तिथेच नाचाचा दिवाणखाना, पोर्तुगालचा राजा दों लुईश याने दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या, आणि देव्हाऱ्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं म्हणून जपलेलं हिरेजडित नख. पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. बहुतेक लोक खुर्च्या आणि नख बघून खूश होतात. मला विचाराल तर पश्चिमेचं ग्रंथालय बघा, सुमारे पाच हजार पुस्तकांचं. ते लुईश द मिनेझिस ब्रागांझांचं (1878–1938). 1900 मध्ये 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांपैकी ते एक, आणि 1930 मध्ये सालाझारच्या (पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झाला तो) वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडणारेही तेच. पणजीची 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' ही संस्था त्यांच्याच नावाची. म्हणजे ज्या राजवटीत घर भरलं, तिच्याविरुद्धचा आवाजही याच घरातून उठला. त्यापायी कुटुंबाला 1950 च्या सुमारास घर सोडून जावं लागलं. मुक्तीनंतर परतले तेव्हा घर जसंच्या तसं होतं म्हणतात. गावाने हात लावला नाही. भाटकारांबद्दल मी वर जे लिहिलं ते लिहूनही ही गोष्ट मला सांगाविशी वाटते.

पेटीबद्दल म्हणाल तर, शेतं गेली, भाटात पाडेली मिळत नाही, आणि सरकारी संग्रहालय म्हणावं तर हे राहतं घर. तुम्ही पाहिलेली दुधी खिडकी आठवा. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत एकेक चपटा शिंपला सरकवलेला असतो, काच स्वस्त व्हायच्या आधीची पद्धत. त्यातला एक शिंपला निखळला तर तो कापून बसवणारा सुतार शोधण्यापासून सुरुवात. पेटीत दोनशे-पाचशे टाकताना कुरकुर करू नका.

बाकी काय बघावं? त्याच गावात कोट भागात फर्नांडिसांचं घर आहे, ब्रागांझांपेक्षा साधं पण जुनं. जमिनीखाली लपायची खोली, भिंतीत बंदुकीसाठी भोकं. जवळच बिनमुंडक्याचा दगडी नंदी बसलेला आहे. 1929 मध्ये इतिहास संशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं होतं. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, आधी भोजांची आणि मग गोव्याच्या कदंबांची राजधानी. झुंबरांच्या नादात लोक राजधानीच चुकवतात! 6 जानेवारीच्या आसपास आलात तर तीन राजांचं फेस्त बघायला मिळेल, आणि कार्निव्हलच्या दिवसांत आलात तर मुसळखेळ, मुसळं आपटत नाचतात ते ख्रिस्ती क्षत्रिय.

एक दिवस हाताशी असेल तर कुशावतीच्या कडेने वर केपेला या. नदीकाठी 1787 चं 'पालासियु दु देआंव' आहे, ज्या धर्मगुरूने केपे शहर वसवलं त्याचं घर, नीट दुरुस्त केलेलं, बागेसह. त्याच नदीवर आणखी आत उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेली प्रागैतिहासिक चित्रं आहेत. पावसाळ्यात ती पाण्याखाली जातात, म्हणून नोव्हेंबरनंतर. येताना चांदोरचं रेल्वे फाटक बंद मिळालं तर चिडू नका. 2020 च्या नोव्हेंबरात याच रुळांवर हजारो लोक रात्रभर बसले होते, कोळशासाठीचं दुपदरीकरण नको म्हणून. त्यात जुन्या भाटकारांची नातवंडंही होती आणि कुळांचीही. मी स्वतः मध्यरात्रीपर्यंत होतो, मग सकाळची ड्युटी होती म्हणून निघालो.