‘बिकूर होलीम’ आणि ‘रेफुआ श्लेमा’ : मराठीत काय म्हणावे?

ठाण्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : “आमच्या शेजारचे बेने इस्रायल (कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे) गृहस्थ कर्करोगाने आजारी आहेत. त्यांच्याकडे येणारी मंडळी ‘बिकूर होलीम’ असे काहीसे म्हणतात, आणि इस्रायलमधील नातेवाईकांच्या संदेशांत ‘रेफुआ श्लेमा’ असे शब्द असतात. या शब्दांना मराठी प्रतिशब्द कोणते? ‘रुग्णसेवा’ आणि ‘लवकर बरे व्हा’ असे म्हटले तर चालेल का? शनिवारी मला त्यांना भेटायला जायचे आहे.”

‘चालेल’ असे म्हणता येईल. पण दोन्ही प्रतिशब्दांत मूळ शब्दांतील महत्त्वाचा भाग गळतो. तो कोणता, हे पाहण्यासाठी या हिब्रू शब्दांच्या धातूपर्यंत जावे लागते.

‘होलीम’ म्हणजे आजारी माणसे. हिब्रूत रुग्णालयाला ‘बेत होलीम’, म्हणजे आजाऱ्यांचे घर, म्हणतात. ‘बिकूर’चा आजचा सरळ अर्थ भेट असा असला, तरी ब-क-र या धातूचा जुना अर्थ बारकाईने पाहणे, तपासणे, शोध घेणे असा आहे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथात त्वचारोग झालेल्या माणसाला तपासणाऱ्या याजकाच्या संदर्भात हे क्रियापद येते, आणि त्यातल्याच यहेज्केल या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात, मेंढपाळ पांगलेल्या कळपातील मेंढरांचा शोध घेतो त्या प्रसंगी, याच धातूचे रूप वापरलेले आहे. म्हणून ‘बिकूर होलीम’ म्हणजे केवळ आजाऱ्याच्या खाटेपाशी हजेरी लावणे नव्हे. त्याचे काय दुखते, घरात काय कमी आहे, पथ्याचे कोण पाहते, हे नजरेने टिपून घेणे म्हणजे बिकूर. मराठीत आपण आजाऱ्याला ‘बघायला जातो’ असे म्हणतो. बोलण्यातला हा अगदी साधा प्रयोग मूळ धातूच्या जितका जवळ आहे, तितका ‘रुग्णभेट’ हा घडवलेला शब्द नाही. ‘रुग्णसेवा’ या शब्दाला तर आज संस्थेचा आणि व्यवसायाचा वास अधिक येतो, आणि बिकूर होलीम हे ज्यू धर्मात प्रत्येक सामान्य माणसाचे कर्तव्य मानलेले आहे.

ताल्मुद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातील एक कथा या शब्दाचा अर्थ कोणत्याही कोशापेक्षा चांगला सांगते. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिवा यांचा एक शिष्य आजारी पडला आणि विद्वानांपैकी कोणीही त्याच्याकडे फिरकले नाही. अकिवा स्वतः गेले. ते आल्यामुळे खोली झाडली गेली, जमिनीवर पाणी शिंपडले गेले, आणि शिष्य बरा झाला. “गुरुजी, तुम्ही मला जगवलेत,” असे तो म्हणाला. त्यानंतर अकिवांनी बाहेर येऊन शिकवले की, जो आजाऱ्याला भेटायला जात नाही, तो जणू रक्त सांडतो. या कथेत उपदेश नाही, औषध नाही; आहे ती केरसुणी आणि पाणी. जवळच्यांनी लगेच जावे, लांबच्यांनी तीन दिवसांनी जावे, आजाऱ्याच्या उशाशी देवाचे सान्निध्य असते म्हणून पाहुण्याने त्याच्या बिछान्यावर बसू नये, असे बारकावेही परंपरेने नोंदवून ठेवले आहेत.

त्याच चर्चेत आणखी एक सुंदर वचन आहे : भेटायला येणारा माणूस आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो. यावर लगेच शंका येते की, मग साठ माणसे एकदम गेली तर रोगी उठून चालू लागेल का? उत्तर असे दिले आहे की, प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो. हिशेब केला, तर साठ भेटींनंतरही मूळ आजाराच्या एकतृतीयांशाहून थोडा अधिक भाग उरतोच. आजार शून्यावर येत नाही, पण प्रत्येक भेटीने भार काही अंशी हलका होतो. असाध्य दुखण्याशी झगडणाऱ्या घराला हे गणित खोटी आशा दाखवत नाही, म्हणून ते मला फार मोलाचे वाटते.

मराठीत याला ‘विचारपूस’ हा शब्द बराच जुळतो, कारण त्यातला ‘पूस’ म्हणजे पुसणे, विचारणे, आणि विचारल्याखेरीज गरज कळत नाही. ‘समाचार घेणे’ हा जुना प्रयोगही योग्य होता. परंतु ‘खरपूस समाचार’मुळे आज त्याचा अर्थ बिघडला आहे. माझी पसंती मात्र ‘शुश्रूषा’ या शब्दाला आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि त्याचे इच्छादर्शक रूप ‘शुश्रूषा’. म्हणजे मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. (‘सुश्रुषा’ असे लिहिले की हा धातूच नाहीसा होतो, म्हणून शुद्धलेखनाचा आग्रह येथे केवळ नियमासाठी नाही.) ज्यू धर्मशास्त्रातही आजाऱ्याचे ऐकण्याला असेच वजन दिलेले आहे. योम किप्पूरच्या अत्यंत कडक उपवासाच्या दिवशी रोगी म्हणाला की मला खायला हवे, आणि वैद्य म्हणाला की गरज नाही, तर रोग्याचे ऐकावे, असा ताल्मुदाचा निर्णय आहे. त्याला आधार दिला आहे तो ‘आपल्या जिवाचे क्लेश हृदयालाच ठाऊक असतात’ या बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ ग्रंथातील वचनाचा. हिब्रू शब्द डोळ्यांनी सुरू होतो आणि संस्कृत शब्द कानांनी. दोन्ही एकाच खाटेपाशी येऊन पोहोचतात.

आता ‘रेफुआ श्लेमा’. ‘रेफुआ’ म्हणजे बरे होणे, आरोग्य. ‘श्लेमा’ म्हणजे पूर्ण, अखंड. गंमतीचा नव्हे, तर खरोखर मन भरून यावे असा योग म्हणजे या दोन्ही शब्दांचे आप्त मराठीत आधीपासून नांदत आहेत. हिब्रू र-फ-अ या धातूशी ज्या अरबी धातूचे नाते अभ्यासक जोडतात, त्याचा अर्थ फाटलेले सांधणे, दुरुस्त करणे असा आहे, आणि त्याच अरबी कुळातून फारसीमार्गे आपल्याकडे ‘रफू’ आला. ‘श्लेमा’चा धातू श-ल-म, ‘शालोम’ (शांती) त्याचाच, आणि अरबी ‘सलाम’, ‘सलामत’ हे त्याचे सख्खे भाऊ. रफूमध्ये वस्त्र नवे होत नाही, विरलेले धागे पुन्हा धरले जातात. ‘सलामत’मध्ये काही तुटू नये अशी इच्छा असते.

आजाऱ्यासाठी म्हटल्या जाणाऱ्या ‘मी शेबेराख’ या प्रार्थनेत हे मागणे दुहेरी आहे : ‘रफुआत हनेफेश’ आणि ‘रफुआत हगूफ’, म्हणजे आधी जिवाचे आरोग्य आणि मग देहाचे. शरीर साथ देईल की नाही हे ठाऊक नसतानाही ही प्रार्थना खोटी ठरत नाही, ती या क्रमामुळे. या प्रार्थनेत रुग्णाचे नाव आईच्या नावासह घेतात. एरवी धर्मग्रंथाच्या वाचनासाठी बोलावताना वडिलांचे नाव जोडले जाते. दुखण्यात मात्र आईचे. वडिलांचे नाव मधोमध लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला हा फरक लगेच जाणवेल. या साऱ्या प्रार्थनांची आद्य म्हणावी अशी प्रार्थना तर अवघ्या पाच शब्दांची आहे : बहीण मिर्याम हिला कोड फुटले तेव्हा प्रेषित मोशे म्हणाला, “एल ना, रफा ना ला”; “हे देवा, तिला बरे कर ना.” त्यातला ‘ना’ आपल्या मराठी ‘ना’सारखाच विनवणीचा वाटतो, तो योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे, पण भाषांतर करताना तो हाती लागला तर सोडू नये.

‘लवकर बरे व्हा’ मला का खटकते, ते आता सांगता येईल. ते आज्ञार्थी वाक्य आहे. बरे होण्याचे काम ते रोग्याच्याच अंगावर टाकते, आणि शिवाय त्याला मुदतही घालते. ‘रेफुआ श्लेमा’ हे नाम आहे. ते देवाकडे मागितलेले आहे आणि मागणारा दुसरा कोणी आहे. मराठीत याला आशीर्वादाचे ओकारान्त रूप हवे : ‘पूर्ण आरोग्य लाभो’, किंवा घरगुती भाषेत ‘देव तुम्हाला सुखरूप ठेवो’.

बेने इस्रायलांची मराठी या बाबतीत फार समृद्ध आहे, कारण हा समाज शतकानुशतके कोकणात मराठी बोलत आला. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, ‘मशीद’ म्हणण्याची त्यांची जुनी रीत आहे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नावही त्यांना याच भाषेने दिले. दुखण्यातून उठल्यावर किंवा नवस फेडताना एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचे स्मरण करून ‘मलिदा’ केला जातो : भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि वर फळे. अलिबागजवळ खंडाळ्याच्या परिसरातील खडकावर एलियाहूंच्या घोड्याच्या टापेचा ठसा उमटला आहे, अशी श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला लोक तिथवर जातात. ‘मलिदा’ हा फारसी शब्द, अर्थ चोळलेले, कुस्करलेले. वर्तमानपत्री मराठीत ‘मलिदा लाटणे’ने या शब्दावर डाग पडला आहे, या घरांत मात्र तो देवाचे आभार मानण्याचा शब्द आहे, आणि शेजाऱ्यांनी तो त्याच अर्थाने ऐकावा. ‘नवस’ हा शब्दही त्यांच्यापुढे संकोच न बाळगता वापरावा. तो त्यांचाही आहे.

आपण शनिवारी जाणार आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, हा आनंदाचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी आजाऱ्यासाठी आक्रोश करून मागणे मागत नाहीत. भेटायला येणाऱ्याने काय म्हणावे याचे वाक्य ताल्मुदाने देऊन ठेवले आहे. मराठीत ते असे होईल : “आज शब्बाथ आहे, आज गाऱ्हाणे नको, आरोग्य जवळच येऊन ठेपले आहे.” बिछान्यावर न बसता, बाजूची खुर्ची ओढून, हे एवढे म्हणावे, आणि मग त्यांना काही सांगायचे असेल तर ते ऐकावे.