यहुदी धर्मात अन्नाचा स्वभावावर परिणाम होतो असं मानतात का?

हो, मानतात. पण आपल्या सात्त्विक-तामसी वर्गवारीसारखं ते नाही. तोरात, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, काय खावं-खाऊ नये हे दिलंय, कारणं फारशी नाहीत; ती पुढच्या पंडितांनी शोधली. तालमूद, म्हणजे जुन्या पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो की पाप माणसाचं मन बोथट करतं, आणि हे सांगायला आधार घेतलाय तो निषिद्ध प्राण्यांबद्दलच्या वचनाचा.

मला सगळ्यात रोचक वाटतं ते तेराव्या शतकातल्या नाखमानिदीस या पंडिताचं म्हणणं. निषिद्ध पक्षी बहुतेक शिकारी आहेत, त्यांच्या मांसातून क्रौर्य माणसात उतरतं, म्हणून ते वर्ज्य. त्याच्या आधीचा मायमोनिदीस पेशाने वैद्य. त्याचा भर आरोग्यावर: पोट तुडुंब भरायच्या आत, साधारण पाऊण पोटावर उठा. पुढे अब्राबानेल या पंडिताने आरोग्याचं कारण साफ धुडकावलं. डुक्कर खाणारे शेजारी ठणठणीत दिसतातच की! त्याच्या मते प्रश्न शरीराचा नाही, आत्म्याचा.

नियम पदार्थांपुरतेच नाहीत. आपल्या जनावरांना चारा घातल्याशिवाय स्वतः जेवायला बसू नये, असंही तालमूदमध्ये आहे. हे मला फार आवडतं.

जाता जाता: आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली या यहुदी समाजाबद्दल सांगतात, की बाहेरून आलेल्या दाविद रहाबी या यहुद्याने त्यांच्या बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली, तेव्हा त्यांनी बिनखवल्यांची, म्हणजे तोरात निषिद्ध असलेली, बाजूला काढली. तेवढ्यावरून हे लोक यहुदी असल्याची त्याला ओळख पटली.