स्पेक्ट्रमला एसडी कार्ड जोडण्याआधी

भाऊ, ४८के स्पेक्ट्रमला (१९८०च्या दशकातला घरगुती संगणक) डिव्हएमएमसी, म्हणजे एसडी कार्ड वाचणारा इंटरफेस, लावताय, चांगली निवड आहे. पण आधी अडॅप्टर तपासा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो. एमजी रोडवरून नवा आणलात तरी मल्टिमीटर लावूनच खात्री करा.

नाशिकच्या पावसाळ्यात मागच्या एज कनेक्टरच्या (इंटरफेस जिथे बसतो त्या बोर्डाच्या कडेच्या) धातूच्या पट्ट्या काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या.

इंटरफेस लावताना-काढताना अडॅप्टरची पिन उपसलेलीच हवी, कारण या मशीनला स्विचच नाही. चालू मशीनमध्ये कनेक्टर जरा तिरका बसला की शेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आतलं व्होल्टेजचं सर्किट बिघडतं आणि त्यापाठोपाठ ४११६ रॅम, म्हणजे मेमरीच्या चिप, जाते. या चिप आता सहज मिळत नाहीत, म्हणून इतकं बजावतोय.

कार्ड एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा. ईएसएक्सडॉसचे (डिव्हएमएमसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) बिन, सिस आणि टीएमपी हे फोल्डर थेट कार्डवर टाका, दुसऱ्या फोल्डरच्या आत नको. त्यांची आवृत्ती इंटरफेसमधल्या रॉमशी जुळलीच पाहिजे, नाहीतर सुरुवातीलाच अडेल. मग इंटरफेसवरचं एनएमआय बटण दाबलं की फाइलींची यादी दिसते.